माहितीचे दार उघडे कोणी ठेवले?

भाईंदर, प्रतिनिधी

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधून रोज लोकल गाठणाऱ्या चाकरमान्यांना 'लो-कोड' हा शब्द कदाचित ठाऊक नसेल, ही साधने मात्र त्यांच्या कचेऱ्यांत केव्हाच पोहोचली आहेत. तयार चौकटी जोडायच्या, एक्सेलचा तक्ता लावायचा, की प्रोग्रामिंग न शिकलेला कर्मचारीही रजेच्या अर्जांचे ॲप बनवतो! कामे झटपट होतात, हे खरेच. पण त्या तक्त्यातील पॅन, पगार आणि आजारपण कोणाकोणाला दिसते, हे तपासतो कोण?

ऑगस्ट २०२१ मध्ये 'अपगार्ड' या सायबर सुरक्षा कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर ॲप्स'वरील ४७ संस्थांच्या पोर्टलमधून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर असल्याचे जाहीर केले. अमेरिकन एअरलाइन्स, फोर्ड, इंडियानाचा आरोग्य विभाग, इतकेच काय, खुद्द मायक्रोसॉफ्टही त्यांत होती. कोणी कुलूप फोडले नव्हते. तक्ता कोणी पाहावा याची अट मुळातच बंद होती आणि ती चालू करणे पोर्टल बनवणाऱ्यावर सोडले होते. पुढे कंपनीने ही अट आपोआप चालू राहील, असा बदल केला.

फुटलेल्या याद्या कोठे जातात? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी शेजारच्या मीरा रोडमधील बोगस कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकी करअधिकारी असल्याची बतावणी करून तेथून अमेरिकी नागरिकांना धमकावले जात होते. त्याच महिन्यात अहमदाबादच्या अशाच कॉल सेंटरांवर अमेरिकेत आरोप ठेवले गेले. सावजांचे तपशील माहिती-दलालांकडून मिळवल्याचे त्यात म्हटले होते.

सरसकट बंदीने काही साधणार नाही. कर्मचारी तेच काम खासगी खात्यावर करील. 'पॉवर ॲप्स'मध्ये बाहेरच्या सेवांशी होणाऱ्या जोडण्यांची कार्यालयीन, बिगर-कार्यालयीन आणि प्रतिबंधित अशी वर्गवारी करता येते. पहिल्या दोन गटांतील जोडण्या एकाच ॲपमध्ये एकत्र चालत नाहीत. मात्र ही वर्गवारी कोणीतरी बसून करावी लागते. सोसायट्या आणि क्लासचालकांच्या आवडत्या गुगल फॉर्ममध्येही निकालाचा सारांश दाखवण्याची सोय चालू राहिली, तर एकाची उत्तरे दुसऱ्याला दिसतात.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत असून, पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो भरायचा संस्थेने. ॲप बनवणारा तोवर दुसऱ्या नोकरीत रुजूही झालेला असेल.