दोन इंजिने, एकच चूक

दोन इंजिनांची हौशी नौका घरीच दुरुस्त करणारे पुष्कळ जण म्हणतात, "एक बंद पडले तरी दुसरे आहेच!" हा हिशेब तपासून पाहा. एका फेरीत एक इंजिन बंद पडण्याची संभाव्यता समजा १/१०० आहे. मग दोन्ही बंद पडण्याची १/१०,०००. पण हा गुणाकार दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. दोन्ही इंजिनांना एकाच टाकीतून डिझेल मिळत असेल आणि तीत पाणी शिरले असेल, तर दोन्ही थांबतील.

दुरुस्ती करणारा हातही सामाईकच असतो. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात तेलगळती रोखणारी रबरी कडी तिन्ही इंजिनांत बसवायची राहिली होती. तिन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. एक पुन्हा सुरू झाले म्हणून १७२ जण वाचले.

माझे मत असे : दुरुस्ती स्वतः अवश्य शिका, पण दोन्ही इंजिने एकाच वेळी उघडू नका. एकाचे काम संपवून ते चालवून पाहा, मगच दुसऱ्याला हात लावा. नाहीतर एकच चूक दोन्हीकडे होते आणि भर समुद्रात दुसरे इंजिन नावालाच उरते.