बसलें म्हणजे चाललें काय?

इंग्लंडांत शिकणारा माझा भाचा गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्याकडे आला, तेव्हां सामानासुमानाबरोबर त्यानें आपली सायकलहि आणिली होती. ती पाहून आळींतील लहानथोर सर्वच चकित झाले; कारण तिला बसावयास बैठकच नव्हती. शाळेमागील दगडी पायऱ्यांवर हा मुलगा उभ्यानेंच ती सायकल उड्या मारीत चढवी, आणि मागच्या एका चाकावर तोल संभाळून पुढच्या पायरीचा असा अंदाज घेई कीं, पाहणाराचाच जीव टांगणीस लागे.

या खेळास ट्रायल्स म्हणतात. त्याच नांवाच्या मोटारसायकलींच्या खेळावरून तो निघाला. स्पेनमधील कॅटॅलोनिया प्रांतांत पेरे पी या मोटारसायकलपटूनें आपल्या ओट नांवाच्या मुलासाठीं अशी लहान सायकल करून दिली, आणि पुढें तिचा प्रसार झाला. १९८६ सालापासून या खेळाच्या जागतिक स्पर्धा होत आहेत. २००९ सालीं डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश तरुणाच्या एडिंबरो शहरांतील कसरतींचें चित्रण प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून तर पुष्कळ देशांतील मुलांस त्याचें वेड लागलें आहे. असो.

एके सकाळीं चौथ्या पायरीवर उडी घेण्यासाठीं त्यानें पेडल दाबलें. 'कट' असा आवाज झाला, पेडल पायाखालून निसटलें आणि मुलगा हनुवटीवर आपटला. दोन टांके घालावे लागले. आमच्या नाक्यावरील मिस्त्रींनीं सायकल उलटी करून क्षणभर क्रँक हलविली आणि सांगितलें, "फ्रीव्हील गेलें. आंतले कुत्रे धरत नाहींत."

ज्यांनीं फ्रीव्हील उघडून पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. बाहेरच्या चक्राच्या आंतील अंगास दांते असतात. मधल्या गाभ्यावर पोलादाच्या लहान जिभा स्प्रिंगांनीं उचललेल्या असतात. कारागीर यांनाच कुत्रे म्हणतात. पेडल पुढें दाबलें कीं कुत्रे दांत्यांस धरतात व चाक फिरतें. पाय थांबला कीं ते दांत्यांवरून किरकिर करीत घसरतात. साध्या सायकलींत हा सर्व संसार मागच्या चाकावर असतो. ट्रायल्सच्या सायकलींत पुढचें मोठें चक्र दगडांवर आपटूं नये म्हणून तें लहान करितात. मग मागचें त्याहूनहि लहान करावें लागतें. भाच्याच्या वीस इंची चाकाच्या सायकलीला पुढें १८ व मागें १२ दांत आहेत. बारा दांतांच्या चक्राच्या पोटांत एवढी यंत्रणा मावत नाहीं, म्हणून फ्रीव्हील उजव्या क्रँकवर आलें. (यामुळें पाय स्थिर असले तरी चाकाबरोबर सांखळी फिरतच राहते. जिज्ञासूंनीं बोटें दूर ठेवावीं.)

मिस्त्रींनीं खणांतून आपल्याकडील साधें अठरा दांतांचें फ्रीव्हील काढलें आणि मोकळ्या केलेल्या क्रँकवर फिरविलें. तें अगदीं बरोबर बसलें! त्यांत नवल नाहीं, व्यास १.३७ इंच आणि इंचास २४ आटे हें माप इकडे व तिकडे एकच. किंमत दोनशें रुपयांच्या आंत. आम्ही सर्व आनंदलों. परंतु मुलगा म्हणाला, "मामा, हें बसलें आहे, पण चालायचें नाहीं." त्यानें तें फिरवून काढलें व नम्रपणें परत केलें. मला राग आला. परदेशीं राहून पोरांस चार पैशांची किंमत राहत नाहीं, असें मीं सर्वांसमक्ष बोलून दाखविलें.

रात्रीं कागद घेऊन बसलों, तेव्हां माझीच चूक माझ्या ध्यानांत आली. साध्या सायकलीचें पुढचें चक्र ४४ दांतांचें व मागचें फ्रीव्हील १८ दांतांचें धरूं. पाय क्रँकला जो पीळ देतो त्याचा १८ भागिले ४४, म्हणजे निम्म्याहूनहि कमी अंश सांखळीमार्फत फ्रीव्हीलवर पोहोंचतो. भाच्याच्या सायकलींत वांटणीच नाहीं. सगळा पीळ फ्रीव्हीलच्या माथीं. त्याच पायाच्या त्याच दाबास जवळजवळ अडीच पट ओझें! शिवाय दूधवाल्याचा पाय सावकाश फिरतो, तर हा मुलगा सर्व अंगाचा भार एका झटक्यांत टाकतो. मिस्त्रींचें फ्रीव्हील वाईट नव्हतें. त्यांच्या गिऱ्हाइकांकडे तें वर्षानुवर्षें चाकरी करितें. पण ती चाकरी निराळी.

आपल्याकडे 'चालवून घेणें' हा मोठा गुण समजतात, आणि तो आहेहि. त्याच गुणावर अनेक संसार तरले आहेत. परंतु जेथें वस्तु मोडली तर फार तर पायीं घरीं यावें लागेल तेथील हा गुण, जेथें वस्तु मोडली तर दांत पडतील तेथें लागू करूं नये, असें माझें मत झालें आहे. पालकांनीं राग मानूं नये. पण मुलाच्या सायकलीस रंगीत पट्टे, चकाकणारें हँडल यांसाठीं हात सैल सोडणारे गृहस्थ फ्रीव्हील, ब्रेक, सांखळी हीं नांवें निघतांच हात आंखडतात, हें मीं पाहिलें आहे, आणि त्यांत मीहि होतोंच.

तथापि महाग तें चांगलें असेंहि नव्हे. या फ्रीव्हीलांची प्रौढी आंतील थांब्यांच्या संख्येवर सांगतात. एका फेऱ्यांत १८ थांबे असल्यास कुत्रा लागेपर्यंत पाय २० अंशांपर्यंत रिकामा जाईल. एका चाकावर उभ्या मुलास तें घातकच. ७२ थांब्यांत हें अंतर ५ अंश, १०८ थांब्यांत ३⅓ अंश. पण ३६ दांत्यांच्या वलयांत कुत्र्यांच्या दोन टोळ्या अर्ध्या दांत्याच्या फरकानें मांडल्या तरी ७२ थांबे मिळतात, आणि त्या वेळीं भार एकच टोळी घेते. म्हणून थांबे किती, याआधीं एका वेळीं किती कुत्रे धरतात हें विचारावें. आम्हीं ७२ थांब्यांचें मागविलें.

तें येईपर्यंत जुनें उघडलें. त्याच्या झांकणाचे आटे उलटे असतात. सरळ फिरविल्यानें तें सुटतें. हें मला ठाऊक नसल्यानें पाऊण तास वायां गेला, आणि झांकण निघतांच छर्रे घरभर पसरले. आंत कुत्र्यांच्या कडा झिजल्या होत्याच, पण घट्ट ग्रीसमध्यें ते चिकटूनहि बसले होते. शेजाऱ्यांस किरकिर ऐकूं जाऊं नये म्हणून ग्रीस आपणच ठांसल्याचें भाच्यानें हनुवटीवरील पट्टी चांचपीत कबूल केलें. तेथें पातळ तेल पुरें.

जुनें क्रँकवरून काढतांना मात्र दमछाक झाली होती. दररोज पेडल दाबून दाबून आटे आवळत जातात. फ्रीव्हीलच्या खांचांत नेमकें बसेल असेंच हत्यार हवें, आणि तें बोल्टानें पक्कें धरवावें; निसटलें तर खांचा मोडतात. मिस्त्रींनीं हत्यार शिकंज्यांत आवळलें आणि दोघांनीं मिळून क्रँक डावीकडे ओढली. नवें चढवितांना भाच्यानें आटे पुसून ग्रीसचें बोट लाविलें (येथें ग्रीस योग्यच) व पहिले फेरे नुसत्या बोटांनीं दिले. क्रँक ॲल्युमिनियमची, आटा तिरपा लागला तर तीहि गेली. शेवटीं जोर करण्याचें कारण पडलें नाहीं. शाळेसमोरचा चढ तो चार वेळां सावकाश चढला, तेवढ्यानें फ्रीव्हील आपोआप आवळलें. पायऱ्यांकडे तो त्यानंतर वळला, आणि मिस्त्रींनीं दुकान पोराच्या हवालीं करून पाहावयास येणें केलें.

जुनें फ्रीव्हील शास्त्राच्या खोलींत ठेविलें आहे. उघडून पाहण्यास कोणासहि मनाई नाहीं. छर्रे मोजून डबींत घातले आहेत. उघडणारानें तितकेच परत भरावे.