सोंगाड्याचे सवंगडी

यंदाची रंगपंचमी ८ मार्चला, भर रमजानात आली. त्या दिवशी मढीत कानिफनाथांच्या गडाखाली गर्दीला पाय ठेवायला जागा नसते. रेवड्यांच्या राशी लागतात, गाढवांचा बाजार भरतो आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून भटके लोक येतात. गोपाळ, कैकाडी, वैदू, बेलदार, कोल्हाटी अशा कितीतरी जमाती येतात. दोरीवर चालणारा, सोंग घेणारा, ढोलकी वाजवणारा, अशी वर्षभर वेगवेगळ्या वाटांनी हिंडणारी माणसे इथे एकमेकांना भेटतात. सोयरिकी जुळतात, कोण गेले आणि कोण आजारी आहे ते कळते. म्हणूनच मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात.

२०२४, २०२५ आणि २०२६ अशी सलग तीन वर्षे ही रंगपंचमी रमजानातच आली. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढच्या वर्षी होळी उशिरा येईल आणि ईद तिच्या आधीच होऊन जाईल. पुढे बरीच वर्षे हा शेजार जुळणार नाही. तो सुटण्याआधी पाथर्डीकरांनी यात्रेतल्या एका माणसाकडे जरा निरखून पाहायला हवे. तो माणूस म्हणजे लोकांना हसवत गावोगाव फिरणारा सोंगाड्या.

तमाशात सोंगाड्या एकटा कधीच नसतो. गौळणीत तो पेंद्या होतो, म्हणजे कृष्णाचा लंगडा, बोबडा पण जिवाभावाचा सवंगडी. वगात तो राजाचा हवालदार होतो आणि राजालाच चार शब्द सुनावतो. समोरच्याने वाक्य नीट टाकले नाही तर त्याचा विनोद पडतो. ढोलकीवाल्याने थाप चुकवली तर हशा विरतो. त्यामुळे सोबत्याचा श्वास ओळखणे हे त्याच्या धंद्याचे पहिले शिक्षण. सोबती कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, या प्रश्नाला तिथे जागाच उरत नाही.

फडाच्या इतिहासात हे जागोजागी दिसते. होनाजी गवळी लिहायचा आणि बाळा करंजकर गायचा. दोघांची नावे अशी जुळली की आजही लोक एका दमात ‘होनाजी-बाळा’ म्हणतात. त्याच काळात लावण्या रचणारा सगनभाऊ मुसलमान होता, धंद्याने शिकलगार. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांचा श्रीधर घर सोडून पठ्ठे बापूराव झाला आणि संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा त्याच्या फडाची शान झाली. एक ब्राह्मण, एक महार. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले तेव्हा अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्या शेजारी बार्शीचे मेहबूब पटेल उभे होते. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. शब्दही असेच एका पालाखाली राहतात. गण आणि गौळण इथल्या मातीतले, तर तमाशा, शाहीर आणि डफ अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. त्यांतला एक काढला तरी फड उभा राहणार नाही.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार ज्यांनी अजरामर केला, त्या दादू इंदुरीकरांचे मूळ आडनाव सरोदे. त्यांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तरी नाव राहिले ते इंदोरी गावाचेच. काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी मूळची खाडे, पण लोकांसाठी कवलापूरकर. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, पारनेर तालुक्यातले चंद्रकांत ढवळपुरीकर. ज्यांचे आयुष्य रस्त्यावर गेले त्यांनी आडनाव मात्र गावाचे लावले. ज्याला घरी राहायला मिळत नाही तो गावाचे नाव मिरवत फिरतो. आणि गाव? गाव त्याला वेशीवर अडवून विचारते, तू कोण, कुठला?

हा प्रश्न नुसत्या चौकशीवर थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा तेवढी पुरली. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. मढीचे कानिफनाथ ज्या नाथपंथाचे, त्याच पंथाचे नाव घेऊन भिक्षा मागणारे. पूर्वी बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात यायचा, ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे’ म्हणायचा आणि घरातली म्हातारी हसत हसत सुपात ज्वारी आणायची. तोच बहुरूपी आज दारात आला तर आधी मोबाइल निघतो, फोटो गटावर जातो. सोंग ओळखणारे डोळे कमी झाले की सोंग घेणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

कायदाही त्याच्या बाजूने नाही. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याच्या व्याख्येतच गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे हे सारे घातले आहे. सार्वजनिक जागी खेळ करून पैसे मागितले की कलावंत भिकारी ठरतो आणि भिकारी आरोपी. इंग्रजांनी १८७१ साली ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. नजरेतून तो अजून गेलेला नाही.

अशा वेळी यात्रा हीच या माणसांची हक्काची जागा उरते, आणि त्या जागेच्या वाटण्या होऊ लागल्या तर आधी तीच उघड्यावर पडतात. गेल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुस्लिम दुकानदारांना यात्रेत जागा द्यायची नाही, असा ठराव मढीच्या ग्रामसभेत झाला. त्याची चर्चा राज्यभर झाली, चौकशीही झाली. गावाने कारण दिले ते व्रताचे. यात्रेच्या काळात गावकरी महिनाभर तळण करत नाहीत, गादी-पलंग वापरत नाहीत, लग्नकार्य काढत नाहीत. बाहेरून येणारे दुकानदार हे पाळत नाहीत, अशी तक्रार होती.

या व्रताचा मान राखलाच पाहिजे. महिनाभर जिभेवर आणि शरीरावर ताबा ठेवणे म्हणजे काय, हे रोजा धरणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पण कढई चढवू नका, असे सांगायचे तर ते प्रत्येक दुकानदाराला सांगता येते आणि जो मोडेल त्याला, मग तो कोणीही असो, दंड करता येतो. नियम वागण्याला लावावा, जन्माला नाही. आज दुकानदाराचे नाव विचारले गेले तर उद्या ढोलकीवाल्याचे विचारले जाईल, परवा सोंगाड्याचे. जन्मावरून माणूस वगळणे म्हणजे काय, हे मढीला येणाऱ्या भटक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

रमजानात जकात काढताना ती कोणाला द्यावी, याचे आठ हकदार कुरआनात सांगितले आहेत. त्यांत शेवटचा आहे इब्नुस्सबील, म्हणजे वाटसरू. गरीब, कर्जबाजारी यांच्याच रांगेत त्याचा हक्क धरला आहे. प्रवासात असलेल्याला रोजाही पुढे ढकलता येतो. वाटेवरच्या माणसाचे हाल धर्माने हिशेबात धरले आहेत. दारात आलेल्या जोग्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये, ही इथल्या घराघरातली शिकवण तेच सांगते. त्यामुळे पाथर्डीत ज्या घरांत जकातीचा हिशेब मांडला जात असेल, त्यांनी यंदा पालांत उतरलेल्या एखाद्या कुटुंबाचे नाव त्यात धरावे. 

खरे तर वाटसरूचे दुःख या तालुक्याला सर्वांत जास्त कळायला हवे. दसरा झाला की इथली हजारो कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. उसाच्या फडात कोपी घालतात, परक्या गावच्या आडावर पाणी मागतात आणि तिथला कोणीतरी त्यांनाही विचारतो, कुठले रे तुम्ही? एक फड उसाचा, एक तमाशाचा. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच.

करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. भटक्यांची पाले उतरतात तिथे ग्रामपंचायतीने पाणी, दिवा आणि शौचालय द्यावे. पोलीस पाटलाने त्यांची नोंद घ्यावी, ती संशय म्हणून नव्हे तर पाहुण्यांची यादी म्हणून. शाळेने एखाद्या दुपारी बहुरूप्याला बोलवावे, म्हणजे मुलांचे डोळे सोंग ओळखायला शिकतील. आमदारांनी १९५९ च्या कायद्यातून कलावंताला बाहेर काढण्याचा विषय विधानसभेत मांडावा.

मढीची यात्रा पाडव्यापर्यंत, १९ मार्चपर्यंत चालेल. पाठोपाठ एक-दोन दिवसांत चंद्र दिसेल आणि ईद होईल. त्याच सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे यात्रेकरी तमाशाची सुपारी द्यायला जातील. तिथे ते एवढेच विचारतील, सोंगाड्या कोण आहे? हसवतो का? गावाच्या वेशीवर येणाऱ्या माणसालाही याहून वेगळे काही विचारायची गरज नसावी.