कर्ता शोधायला आई पुरेशी आहे

मैत्रिणींनो, शेंद्र्याला एमआयडीसी आली, कारखाने आले, आणि पाठोपाठ इंग्रजी शाळेच्या गाड्याही दारात थांबू लागल्या. मुलाचा अभ्यास घेताना मात्र अनेक जणी व्याकरणाच्या पानाशी हात टेकतात. ‘आमचं मराठी मीडियम, आम्हाला काय कळतंय त्यातलं!’ म्हणून ते पान ट्यूशनच्या बाईंकडे जातं. धास्ती साहजिक आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची एबीसीडीच पाचवीत सुरू झाली. पण वाक्यातला सब्जेक्ट शोधायला लागतं ते व्याकरण आपण मराठीतच शिकलोय.

मुलाचा पहिला घोटाळा शब्दाचाच असतो. शाळेत गणित हाही सब्जेक्ट, मग वाक्यात कुठला सब्जेक्ट? त्याला सरळ सांगा, वाक्यातला सब्जेक्ट म्हणजे कर्ता. आणि कर्ता कसा शोधायचा? क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावून ‘कोण’ विचारायचं. आठवलं ना?

हीच युक्ती इंग्रजीला लावा. मांगीरबाबाच्या यात्रेचं वाक्य घ्या : ‘इन चैत्र पीपल कम टू शेंद्रा.’ मूल पहिल्याच शब्दांवर बोट ठेवतं. आधी क्रियापद शोधायला लावा : ‘कम’. येणारे कोण? पीपल. झालं!

आता दुसरं : ‘द बस फॉर द वर्कर्स इज लेट.’ इथे क्रियापदाला चिकटून ‘वर्कर्स’ बसलेत, म्हणून मूल ‘इज’ऐवजी ‘आर’ लिहितं आणि मार्क जातो. उशिरा असणारी कोण? बस. बस एकच, म्हणून ‘इज’. कर्ता सापडला की पुढचं क्रियापद चुकत नाही. एवढ्यासाठीच तर तो शोधायचा.

‘द मँगो वॉज ईटन बाय सीमा’ आलं, तर ‘खाल्ला जाणारा कोण?’ असं विचारा. उत्तर येतं, आंबा.

एक पथ्य मात्र पाळा. प्रश्न इंग्रजी वाक्यालाच विचारा, त्याच्या भाषांतराला नको. ‘मला भूक लागली’ यात लागणारी भूक, म्हणून कर्ता भूक. इंग्रजीत मात्र ‘आय अ‍ॅम हंग्री’. भुकेला असणारा कोण? आय. आपण ‘जेवलास का?’ विचारतो तेव्हा ‘तू’ गाळला तरी चालतो. इंग्रजी प्रश्नात ‘यू’ लागतोच. हा फरक मराठी नीट येणारी आईच उलगडून सांगू शकते.

ट्यूशन लावू नका, असं नाही. पण रात्री स्वयंपाक उरकला की धड्यातली पाच वाक्यं घेऊन बसा. उच्चार चुकला तर मूल सुधारेल, सुधारू द्या. ‘आईला काही येत नाही’ हे वाक्य मात्र त्याच्यासमोर आपणच उच्चारू नये. मुलं ते फार लवकर पाठ करतात.