हातमोजे कोणी द्यायचे?

मुखेडच्या केशकर्तनालयात कलप लावून लावून कारागिराचे हात फाटतात आणि त्याला नशिबाचा भोग म्हटले जाते. वास्तविक हा कलपातील पॅराफेनिलीनडायअमीन या रसायनाचा प्रताप! त्याचे वावडे एकदा जडले की सहसा जन्मभर सुटत नाही. धंदा सोडण्याची पाळी येते. एकदाच वापरायचे नायट्राइलचे हातमोजे घातले, हात कोरडे ठेवले, तर हे बहुधा टळते. पण शिकवणार कोण? २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचा उंबरठा सामान्यतः दहा कामगारांचा. इथले दुकान दोन खुर्च्यांचे! १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या केशवपनास नकार देणाऱ्या मुंबईच्या नाभिकांचे हे वारस. त्यांना प्रशिक्षण व हातमोजे शासनानेच पुरवावेत, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीवर धडक द्यावी.