ज्या अभ्यासात आईला प्रवेश नाही

माझी लेक अमेरिकी नौदलात अणुभट्टी चालवायला शिकते आहे. आम्ही न्यूजर्सीत राहतो, तिचा जन्म इथलाच. हायस्कूल संपल्यावर तिने नौदलाची परीक्षा दिली आणि सहा वर्षांच्या करारावर सही केली. शिकागोजवळ ग्रेट लेक्सला बूट कॅम्प झाला. आता ती साऊथ कॅरोलायनात, चार्ल्स्टनजवळच्या गूस क्रीक इथल्या न्यूक्लिअर पॉवर स्कूलमध्ये आहे. मंडळाच्या गणपतीत हे सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "कॉलेज का नाही?" आणि दुसरा, "मार्क कसे आहेत?" पहिल्याचं उत्तर ती स्वतः देईल, तिला ते छान देता येतं. माझं म्हणणं दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आपल्याकडे मुलांचा अभ्यास हा सगळ्या घराचा अभ्यास असतो. परीक्षेच्या महिन्यात टीव्ही बंद, पाहुणे बंद, रात्री बाराला आई दूध गरम करून देते, बाबा मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणतात. मी स्वतः तशीच वाढले आणि लेकीलाही तसंच वाढवलं. तिचं अल्जिब्रा आमच्या जेवणाच्या टेबलावर झालं. या शाळेत मात्र ते दार बंद आहे. शिकवलं जातं ते सगळं गोपनीय. पुस्तकं आणि वह्या त्या इमारतीतच राहतात, मोबाइल आत नेता येत नाही. गृहपाठसुद्धा तिथेच बसून करायचा. दिवसभर वर्ग, त्यानंतर पुन्हा अभ्यासाचे तास, आणि मार्क घसरले की ते तास वाढतात. गणित, अणुभौतिकी, उष्णतेचं शास्त्र, रसायन, किरणोत्सर्गापासूनचं संरक्षण, असं सगळं साधारण सहा महिन्यांत. चारपैकी अडीच गुण म्हणजे पास. फोनवर मी विचारते, "आज काय केलंस?" ती म्हणते, "पंप, आई." एवढंच. कुठला पंप, कशाचा, ते मला कधीच कळणार नाही.

ही कडक शिस्त मला पटते. तिच्यामागचा माणूस म्हणजे अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर, पोलंडमधून लहानपणी अमेरिकेत आलेला एका शिंप्याचा मुलगा. १९५५च्या जानेवारीत 'नॉटिलस' ही पहिली अणुपाणबुडी समुद्रात निघाली ती त्यांच्या हट्टापायी. यंत्र चालवणाऱ्याला ते नुसतं पाठ असून भागत नाही, आतून कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. 'मला एक मुलगा आहे, माझं त्याच्यावर प्रेम आहे आणि माझं काम इतकं सुरक्षित असावं की ते यंत्र त्यानं चालवलं तरी मला आनंद वाटावा', अशा अर्थाचं ते अमेरिकी काँग्रेससमोर बोलले होते. आई म्हणून मला याहून मोठा दिलासा नाही. पण जी शिस्त भट्टी सुरक्षित ठेवते, तीच विशीच्या आतल्या पोरांना पिळून काढते, हेही तितकंच खरं. पुढे प्रोटोटाइप नावाचा टप्पा आहे. निवृत्त पाणबुड्या धक्क्याला कायमच्या बांधून ठेवल्या आहेत, त्यांच्यातल्या खऱ्या अणुभट्टीवर शिकायचं. पाळ्या बारा-बारा तासांच्या, त्याही बदलत्या. एकेक गोष्ट समजली याची तोंडी परीक्षा द्यायची आणि सही मिळवायची. झोपेचं गणित तिथे सगळ्यात आधी बिघडतं.

मग आईबापांनी करायचं काय? माझ्या मते, अभ्यासाबाहेरचं तिचं जग शाबूत ठेवायचं, आणि हे काम शिकवणी लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आमच्या रविवारच्या फोनवर अभ्यास निघत नाही. आजीचा गुडघा, कुत्र्याने फाडलेली उशी, मावसबहिणीच्या लग्नातल्या साड्या, असं सगळं चालतं. मागच्या खोक्यात मी मेतकूट पाठवलं, कारण बराकीतल्या मायक्रोवेव्हमध्ये भात होतो. तिने मऊ भात केला, वर तूप नव्हतं म्हणून लोणी घातलं आणि फोटो पाठवला. त्या फोटोवर आम्ही दोघी अर्धा तास बोललो. पुस्तकांच्या ढिगाऱ्याबाहेरही आपण कुणीतरी आहोत, हे तिला त्या अर्ध्या तासात आठवतं.

एक गोष्ट मी तिला स्पष्ट सांगितली आहे. या शाळेतून गळणारी मुलं असतात. त्यांना नौदलातच दुसरं काम दिलं जातं, आणि ते काम प्रतिष्ठेचंच असतं. तू गळलीस तर आमच्या घरात त्याची लाज वाटणार नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं. हे निकालानंतर सांगून उपयोग नसतो, तेव्हा ते सांत्वन वाटतं. आणि मन थकलं तर वरिष्ठांकडे मदत मागायची. ब्रँडन अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. त्याखाली सैनिकाला कधीही, कुठल्याही कारणाने मानसिक तपासणी मागता येते. ९८८ फिरवून १ दाबलं की सैनिकांसाठीची मदतवाहिनी लागते. हा आकडा तिच्या फोनमध्ये मी स्वतः घातला. मदत मागितली तर करिअर संपेल, ही भीती या मुलांमध्ये पसरलेली असते. आईबापांनी "जरा सहन कर" म्हटलं की ती भीती पक्की होते. ते वाक्य आपल्या तोंडून जाताच कामा नये.

हे फक्त अमेरिकेतलं नाही. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुलीही आहेत. २०१६ मध्ये 'अरिहंत' ही अणुपाणबुडी भारताच्या नौदलात दाखल झाली. अशा पाणबुडीवर काम करणाऱ्यांच्या घरीही आई विचारत असेल आणि उत्तर अर्ध्यावर थांबत असेल.

तुमच्या ओळखीत असं एखादं मूल असेल तर त्याच्या आईबापांना मार्क विचारू नका. मूल सुट्टीवर आलं तर त्याला जेवायला बोलावा, दुपारी झोपू द्या, आणि शाळेचा विषय त्याने काढला तरच काढा.