फळीवर चालून वाचता येत नाही

पाच वर्षांच्या मुलाला अरुंद फळीवरून चालवायचं, दोन्ही हातांनी एकदम फळ्यावर गोल काढायला लावायचे, हलत्या वस्तूवर नजर ठेवायला सांगायची आणि एवढ्यावरून ‘हा अभ्यासात मागे पडणार’ असं आईबापांना ऐकवायचं, हा धंदा बंद झाला पाहिजे. निदानापाठोपाठ महागड्या ‘थेरपी’चं पॅकेज गळ्यात मारतात, म्हणून मी त्याला धंदा म्हणते.

ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत नेवेल केफार्ट आणि मरियान फ्रॉस्टिग यांनी ती रुजवली. आधी हालचाल आणि नजर पक्की करा, मग वाचन सुधारेल, असा त्यांचा दावा. वर सांगितलेले तिन्ही प्रकार केफार्ट यांच्या १९६६ च्या पर्ड्यू चाचणीत होते. पुढे या दाव्याची झाडाझडती झाली. १९८३ मध्ये केनेथ कॅव्हेल आणि डेनिस मॅटसन यांनी अशा प्रशिक्षणाचे १८० अभ्यास एकत्र तपासले. सरासरी परिणाम निघाला ०.०८, म्हणजे जवळजवळ शून्य. इतक्या वर्षांनी तोच माल आपल्या पालकांना नवा म्हणून विकला जातो, याची मला चीड येते.

आकृती पाहून नीट काढणारी मुलं पुढे अभ्यासात बरी असतात, हे संशोधनच सांगतं, असा बचाव होतो. संबंध आढळतो, मान्य. पण तो गटाच्या सरासरीचा. त्यावरून एकट्या मुलाचं भविष्य वर्तवता येत नाही. आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणून एकीचा सराव केल्यानं दुसरी सुधारत नाही.

असं भविष्य कपाळी घेऊन एक मुलगा माझ्या वर्गात आला. त्याच्याकडून चेंडू झेलून घेतले होते, ठिपके जोडून घेतले होते. ‘कमळ’ या शब्दात पहिला आवाज कोणता, हे मात्र त्याला कुणी विचारलंच नव्हतं. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांचं घोडं इथेच अडतं: शब्दातले आवाज वेगळे ऐकणं आणि ते अक्षरांशी जोडणं. त्यावर उपाय म्हणजे आवाज, अक्षर, काना-मात्रा, वेलांटी, जोडाक्षर हे टप्प्याटप्प्यानं, पुन्हा पुन्हा शिकवणं. यात वेळ जातो, शिकवणारं माणूस लागतं.

मुलाची नजर आणि कान डॉक्टरांकडून जरूर तपासा. बटण लावताना, पेन्सिल धरताना तो खरोखर अडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे न्या, पण त्याच कामासाठी. धावणं, चढणं, उड्या मारणं हा तर प्रत्येक मुलाचा हक्क आहे. त्याला वाचनाचं औषध म्हणून विकायची गरज नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी असा अहवाल हातात ठेवला तर विचारा: तुम्ही ‘धोक्यात’ ठरवलेल्यांपैकी किती मुलं पुढे खरंच मागे पडली? तुमच्या थेरपीनं किती वाचू लागली, आणि तिच्याशिवाय किती? आकडे दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.